बदली फील्डची, मुक्काम पुण्याचा, शाळा कोणती?

प्रश्न : माझे यजमान लष्करात हवालदार आहेत. गेली तीन वर्षे आम्ही भटिंड्याला आहोत. आता त्यांची बदली अरुणाचल प्रदेशात फील्डला झाली असून तिथे कुटुंब नेता येणार नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे, पण मुलांच्या शिक्षणासाठी मी पुण्यात राहावे असे घरात ठरत आहे. माझा भाऊ धायरीला राहतो. मुलगी भटिंड्याच्या केंद्रीय विद्यालयात आठवीत आहे आणि मुलगा तिथल्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तिसरीत आहे. भाऊ म्हणतो, दोघांनाही सध्या घराजवळच्या खासगी शाळेत घाल, केंद्रीय विद्यालयाचे वर्षभराने बघू. यजमान म्हणतात, आर्मी स्कूलच बरे. सासूबाईंना वाटते की निदान नातवाने तरी मराठी शाळेत जावे. शेजारच्या एका ताईंनी तर सांगितले की वडील स्वतः पुण्यात नेमणुकीवर नसतील तर केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतच नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी शेजारच्या ताईंचे म्हणणे बाजूला ठेवू, कारण तेवढे एक पूर्णपणे चुकीचे आहे आणि त्याच भीतीपोटी अनेक कुटुंबे हातातला प्रवेश सोडून देतात. केंद्रीय विद्यालय संगठनच्या प्रवेश नियमावलीत सैन्यदलांतील आणि निमलष्करी दलांतील कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. जवानाची बदली फील्ड किंवा अन्य खडतर भागात झाली, तर तो आपले कुटुंब ज्या ठिकाणी ठेवणार आहे, त्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयात त्याच्या मुलांना ‘केव्ही टीसी’वर, म्हणजे आधीच्या केंद्रीय विद्यालयाने दिलेल्या बदली दाखल्यावर, प्रवेश घेता येतो. म्हणजे यजमान अरुणाचलात, तुम्ही पुण्यात आणि मुलगी पुण्याच्या केंद्रीय विद्यालयात, ही व्यवस्था नियमात बसणारी आहे. त्यासाठी कुणाची ओळख काढण्याची किंवा चिठ्ठी आणण्याची गरज नाही. चिठ्ठीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण खासदारांच्या शिफारशीचा कोटा २०२२ साली बंद झाला असूनही त्याच्या आशेवर धावपळ करणारे पालक आजही दिसतात.

ही तरतूद उपकार म्हणून केलेली नाही. केंद्रीय विद्यालयांची योजना दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२च्या अखेरीस मंजूर झाली आणि १९६३–६४मध्ये लष्करी ठाण्यांतल्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली. सतत बदली होणाऱ्या माणसाच्या मुलाला देशात कुठेही गेले तरी तोच अभ्यासक्रम मिळावा, एवढ्याचसाठी ही व्यवस्था उभी आहे. तिचा सर्वाधिक उपयोग तुमच्यासारख्या घराला व्हावा हे ओघानेच आले.

आता मुलीचे आणि मुलाचे प्रश्न वेगळे करा. तुमच्या पत्रात दोघांचा विचार एकत्र झाला आहे आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. दोघांची आजची शाळा वेगळी आहे, इयत्ता वेगळी आहे आणि म्हणून दोघांचा हक्कही वेगळा आहे. मी एकवीस वर्षे शाळेच्या कार्यालयात प्रवेशाच्या टेबलापाशी बसले. तिथे येणारे पालक ‘शाळा चांगली आहे का?’ हे आधी विचारायचे. नागरी नोकरीतल्या माणसाला तो प्रश्न शोभतो. फौजी घराने मात्र आधी विचारायला हवे की, अडीच-तीन वर्षांनी पुन्हा सामान बांधायची वेळ येईल तेव्हा या शाळेचा दाखला घेऊन माझे मूल कुठे जाऊ शकेल? माझा सल्ला या एका प्रश्नावर उभा आहे.

मुलीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिला केंद्रीय विद्यालयातून बाहेर काढू नका. भावाचा हेतू चांगला असला, तरी ‘वर्षभराने बघू’ हा सल्ला तिच्यासाठी सर्वांत महाग पडेल. आज तिच्या हातात केव्ही टीसी असणार आहे. ती साध्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात वडिलांच्या बदलीमुळे जाणाऱ्या मुलाला प्रवेश आपोआप मिळतो; त्याला नव्याने अर्ज करून प्राधान्यक्रमाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. ती एकदा खासगी शाळेत गेली की हा धागा तुटला. वर्षभराने परत यायचे ठरवले, तर ती इतर कोणत्याही बाहेरच्या मुलीसारखी येईल, आणि तेव्हा ती दहावीच्या उंबरठ्यावर असेल.

इथे इयत्तेचे गणित नीट समजून घ्या. केंद्रीय विद्यालयात आठवीपर्यंत बाहेरून येणाऱ्या मुलाची प्रवेश परीक्षा होत नाही, पण नववीला होते. हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांवर शंभर गुणांची ती परीक्षा असते आणि एकूण ३३ टक्के गुण मिळवल्याशिवाय नाव पुढे सरकत नाही. केव्ही टीसीवर येणाऱ्या तुमच्या मुलीला ही परीक्षा द्यायची नाही. दहावीचे दार तर आणखी अरुंद आहे. सीबीएसई नववी आणि दहावी हा दोन वर्षांचा एकसंध अभ्यासक्रम मानते. विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी नववीतच होते, आणि दहावीत थेट प्रवेश केवळ पालकांची बदली किंवा कुटुंबाचे स्थलांतर अशा ठरावीक कारणांसाठी, कागदपत्रे दाखवून मिळतो. तेव्हा येत्या एप्रिलपासून दहावीची परीक्षा होईपर्यंत मुलीची शाळा हलता कामा नये. यजमानांचा फील्डचा कार्यकाळ साधारण दोन ते तीन वर्षांचा असेल, म्हणजे तिची नववी-दहावी एका जागी पूर्ण होण्याइतका वेळ तुमच्या हाती आहे. लष्करी कुटुंबाला हा योग क्वचितच मिळतो. तो वाया घालवू नका.

पुण्यात केंद्रीय विद्यालये बरीच आहेत. सदर्न कमांड, गणेशखिंड, बीईजी, गिरीनगर, खडकवासल्याची एनडीए, लोहगावचा हवाई तळ आणि देहू रोड ही त्यांपैकी काही. नावे ऐकून ती एकाच गावात आहेत असे वाटते, पण खडकवासल्याहून लोहगावला जायचे म्हणजे शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणे आहे, आणि पुण्याच्या वाहतुकीत सातवी-आठवीतल्या मुलांना रोज ते करायला लावणे क्रूरपणाचे आहे. म्हणून शाळेच्या आधी घर ठरवा. भावाकडे किंवा धायरीच्या आसपास भाड्याने राहणार असाल, तर गिरीनगर किंवा एनडीएचे विद्यालय तुम्हाला सोयीचे पडेल. पण यजमानांनी पुण्यात सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे फील्डला गेलेल्या जवानाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या लष्करी घरासाठी, अर्ज केला असेल आणि ते सहा महिन्यांनी खडकीला किंवा दिघीला मिळाले, तर काय कराल? त्याच शहरात एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाण्यासाठी केव्ही टीसी आपोआप चालत नाही. त्यासाठी संगठनच्या प्रादेशिक कार्यालयातील उपायुक्तांची मंजुरी लागते आणि महाराष्ट्राचे ते कार्यालय मुंबईला, पवईत आहे. अशा बदलाच्या अर्जाला प्राचार्य उत्साहाने हात लावत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

यजमानांना म्हणावे, युनिटमधून निघण्यापूर्वी पुण्याच्या स्टेशन मुख्यालयाकडे क्वार्टरच्या प्रतीक्षायादीची चौकशी करा. क्वार्टर वर्षभरात मिळण्याची शक्यता दिसत असेल, तर सुरुवातीचे काही महिने मुलीला लांबचा प्रवास सोसावा लागला तरी चालेल, पण प्रवेश क्वार्टरच्या बाजूच्या विद्यालयात घ्या. यादी लांबलचक असेल, तर क्वार्टरचा विचार दोन वर्षे सोडून द्या आणि भावाच्या शेजारी बिऱ्हाड करा. नवरा फील्डला असताना एकटीने दोन मुले सांभाळायची आहेत. अडीअडचणीला धावून येणारा सख्खा भाऊ दोन गल्ल्यांवर असणे, यालाही शाळेच्या निवडीत वजन आहे.

मुलाचा प्रश्न अधिक मोकळा आहे आणि म्हणूनच थोडा अनिश्चित. तो केंद्रीय विद्यालयात नसल्यामुळे त्याच्याकडे केव्ही टीसी नाही. बहीण त्या शाळेत आहे एवढ्याने त्यालाही घेतील असे गृहीत धरू नका. त्याला चौथीसाठी नव्याने नोंदणी करावी लागेल. पहिलीची नोंदणी ऑनलाइन होते आणि तिथे सोडतही असते. दुसरीपासून पुढे मात्र वर्गात जागा रिकामी असेल तरच प्रत्यक्ष विद्यालयात, साधारण एप्रिलच्या सुरुवातीला, अर्ज घेतले जातात. जागांपेक्षा अर्ज जास्त असले की प्राधान्यक्रम लागतो आणि त्यात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांचा गट पहिला येतो. सैन्यातले जवान या गटात आहेत. मात्र या गटातही वर कोण आणि खाली कोण हे मागील सात वर्षांत झालेल्या बदल्यांच्या संख्येवर ठरते. तुमच्या घराने ज्या बदल्यांचा वर्षानुवर्षे त्रास काढला, त्यांचा मोबदला इथे अंकांत मिळतो.

मात्र तो अंक कागदावर नीट उमटला पाहिजे. युनिटकडून मिळणारे सेवा प्रमाणपत्र हा या प्रवेशातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे आणि सर्वाधिक अर्ज त्याच्यापाशीच अडतात. टेबलापाशी बसले असताना माझ्या हाती आलेले एक प्रमाणपत्र अजून आठवते. सुबक टंकलिखित केलेल्या त्या कागदावर लिहिले होते की, सदर जवानाच्या गेल्या काही वर्षांत वारंवार बदल्या झाल्या आहेत. खाली एक झोकदार सही होती. सहीखाली ना नाव, ना हुद्दा, ना शिक्का. ‘वारंवार’ म्हणजे किती, हे आम्ही कुठे लिहिणार? त्या जवानाच्या प्रत्यक्षात चार बदल्या झाल्या होत्या, पण त्या सिद्ध करणारे प्रमाणपत्र दूरच्या युनिटमधून पुन्हा मागवून येईपर्यंत यादी लागून गेली. त्या बाई वहीतल्या तारखा बोटाने दाखवत होत्या आणि आमच्याजवळ त्या मान्य करण्याचा अधिकार नव्हता.

म्हणून प्रमाणपत्र संगठनच्या ठरलेल्या नमुन्यातच घ्या. प्रत्येक बदलीचे ठिकाण, तिथे रुजू झाल्याची आणि तिथून मुक्त झाल्याची तारीख, आणि एकूण संख्या आकड्यात व अक्षरात, एवढे त्यावर असले पाहिजे. सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि युनिटचा गोल शिक्का स्पष्ट वाचता आला पाहिजे. बदली म्हणून तीच धरली जाते, जी किमान २० किलोमीटर अंतरावरच्या ठिकाणी झाली आणि जिथे किमान सहा महिने मुक्काम झाला. तीन महिन्यांच्या कोर्सला जाऊन आलेली ठिकाणे त्यात घुसडू नका, कारण एक नोंद खोटी ठरली की बाकीच्यांवरही संशय येतो. यजमान अरुणाचलात पोहोचल्यावर तिथल्या टपालाच्या भरवशावर हे काम ठेवू नका. भटिंड्याच्या युनिटमधून निघण्यापूर्वीच प्रमाणपत्राच्या तीन मूळ प्रती, बदलीच्या आदेशाची प्रत आणि ‘कुटुंब पुणे येथे राहणार आहे’ असा स्पष्ट उल्लेख असलेले युनिटचे पत्र, एवढे हातात घ्या. हेच शेवटचे पत्र मुलीच्या केव्ही टीसीसोबत लागणार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद यजमानांच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या दफ्तरातल्या कौटुंबिक नोंदीत, ज्या स्पेलिंगने आणि ज्या तारखेने झाली आहे, ती जन्मदाखल्याशी, आधारशी आणि शाळेच्या रजिस्टरशी जुळते का, हे आजच तपासा. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लावतात, तर उत्तरेकडच्या शाळांत पुष्कळदा नुसते मुलाचे नावच नोंदले जाते. पुण्यात आल्यावर या दोन नावांची दोन मुले नसून एकच मूल आहे हे पटवण्यात आठवडे जातात.

आता यजमानांच्या मताकडे येते. आर्मी पब्लिक स्कूल हा मुलासाठी खरोखर चांगला पर्याय आहे, आणि तो आज त्याच साखळीतल्या शाळेत असल्याने त्याला पुस्तके, गणवेश, सकाळची परेड हे सारे ओळखीचे वाटेल. पुणे, खडकी आणि दिघी येथे या शाळा आहेत. त्या चालवणारी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ साली स्थापन झाली. या शाळा केंद्रीय विद्यालयांप्रमाणे सरकारी नाहीत, हे अनेक जवानांच्या लक्षात येत नाही. त्या सोसायटीच्या आहेत आणि शुल्कावर चालतात. शुल्क हुद्द्यानुसार कमी-अधिक असते, जवानांना अधिकाऱ्यांपेक्षा कमी पडते, आणि प्रवेशात सेवेतील लष्करी कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो. अडचण एवढीच की धायरीहून खडकी किंवा दिघी हा आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी रोजचा मोठा प्रवास आहे. तेव्हा क्वार्टर त्या बाजूला मिळणार असेल, तर मुलाला आर्मी पब्लिक स्कूलमध्ये घाला आणि फार विचार करू नका. धायरीलाच राहणार असाल, तर आधी बहिणीच्या केंद्रीय विद्यालयात चौथीची नोंदणी करा, त्याच आठवड्यात आर्मी पब्लिक स्कूलमध्येही अर्ज देऊन ठेवा, आणि जे आधी हाती येईल त्यावर पाणी सोडू नका.

दोन्हीकडे जागा न मिळाल्यास? तेव्हाही मूल घरी बसणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९च्या कलम ५ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, मग ते स्थलांतर राज्यातले असो की परराज्यातून. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मात्र लोक हे कलम अर्धेच वाचतात. हा हक्क सरकारी, महापालिकेच्या, छावणी मंडळाच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. केंद्रीय विद्यालयांसारख्या विशेष प्रवर्गातल्या शाळा आणि विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणून हे कलम घेऊन केंद्रीय विद्यालयाच्या प्राचार्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण धायरीजवळच्या एखाद्या चांगल्या अनुदानित शाळेने ‘जूनमध्ये या’ किंवा ‘दाखला आणल्याशिवाय फॉर्म मिळणार नाही’ असे सांगितले, तर शांतपणे याच कलमाचा उल्लेख करणारा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच मागितली की बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात.

खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कुणीतरी सुचवेलच. आपल्या राज्यात त्यातील दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. हवालदाराचा पगार त्यात बसत नाही. शिवाय ते प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात होतात, चौथीत नव्हे. तो विषय सोडून द्या.

सासूबाईंच्या इच्छेबद्दल मात्र मला दोन शब्द अधिक लिहायचे आहेत, कारण त्यांचे म्हणणे पत्रात एका ओळीतच उरकले आहे. नातवाने मराठी शाळेत जावे असे वाटण्यात चुकीचे काही नाही. चौथीतले मूल भाषा झपाट्याने उचलते आणि या वयात एक-दोन वर्षे मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळेत गेल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. यजमान निवृत्तीच्या जवळ असते आणि यापुढे तुम्ही साताऱ्यातच स्थायिक होणार असता, तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते. पण फील्डनंतर पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येईल अशी नेमणूक, येईल, सगळे कुटुंब पुन्हा एकत्र राहील, आणि ते ठाणे हिसार असेल की सिकंदराबाद हे आज कुणालाच माहीत नाही. तिथे सहावीत मराठी माध्यमाचे मूल कोणत्या शाळेत बसवाल? मुलाची शाळा देशभर चालणाऱ्या अभ्यासक्रमाची असू द्या आणि मराठीची जबाबदारी घराने घ्या. मुलगा दोन-तीन वर्षे आजीच्या टापूत राहणार आहे. शनिवार-रविवारी गावी जाणे, आजीकडून पत्र लिहून घेणे, तिला वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवणे, एवढ्या सवयीने त्याला मराठी वाचता-लिहिता येईल. सासूबाईंना हे काम नेमून द्या. त्या ते कोणत्याही शिकवणीपेक्षा चोख करतील. मुलीच्या बाबतीत मात्र नववीत माध्यम बदलण्याचा विचारही मनात आणू नका.

पैशांचे थोडक्यात सांगते. केंद्रीय विद्यालयात आठवीपर्यंत शिकवणी शुल्क नसते आणि मुख्य भार महिन्याला ५०० रुपयांच्या विद्यालय विकास निधीचा असतो. आर्मी पब्लिक स्कूलचे शुल्क त्याहून बरेच जास्त असते. दुसरीकडे, यजमानांना दोन मुलांपर्यंत बाल शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये झाला आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. मूल त्या वर्षी त्या शाळेत शिकत होते असे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र पुरते. भटिंडा सोडण्यापूर्वी दोन्ही शाळांकडून या वर्षाचे ते प्रमाणपत्र न विसरता घ्या. नंतर पुण्याहून फोन करून मागितलेला कागद मिळायला किती दिवस लागतात, हे बदलीवरच्या कोणत्याही घराला विचारा.

मुलगा चौथीत जाईल तेव्हापासून डोळ्यापुढे आणखी एक वाट असू द्या. सातारची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झालेली, या प्रकारातली देशातली पहिली. तिथे सहावीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, ३१ मार्च रोजी वय १० ते १२ वर्षांदरम्यान असावे लागते, आणि सेवेतल्या व माजी सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमध्येही जवानांच्या मुलांसाठी मोठा वाटा राखून ठेवलेला आहे. पण निवासी शाळा सर्व मुलांना मानवत नाही. वडील आधीच दूर असताना मुलालाही दूर पाठवायचे का, याचा निर्णय दोन वर्षांनी मुलाकडे बघून करा, आज नको.

आता कामाचा क्रम. वार्षिक परीक्षेचा निकाल हाती येण्यापूर्वी दाखला काढू नका. ‘आठवी उत्तीर्ण, नववीत जाण्यास पात्र’ हा शेरा नसलेली टीसी पुण्यात निरुपयोगी ठरते. केंद्रीय विद्यालयांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आपल्या राज्य मंडळाच्या शाळांसारखे जूनमध्ये नव्हे. त्यामुळे ‘मे महिन्यात सामान हलवू, जूनमध्ये शाळा बघू’ असा बेत असेल तर तो बदलावा लागेल. सामान मागाहून येऊ द्या. निकाल लागला की तुम्ही, किंवा बदलीच्या वेळच्या रजेत यजमान, मुलीला घेऊन आणि कागद घेऊन पुण्याला या, तिचा प्रवेश करा, त्याच फेरीत मुलाची नोंदणी करा. येण्यापूर्वी ज्या विद्यालयाची निवड केली आहे तिथे फोन करून नववीच्या वर्गाचा पट विचारा. वर्ग फार भरलेला असेल, तर प्राचार्य तुम्हाला जवळचे दुसरे विद्यालय सुचवू शकतील. ते ऐकून घ्या, पण केव्ही टीसीवरचा मुलीचा हक्क सोडून देत आहात असे काही लिहून देऊ नका.

दाखला हातात घेताना कारकुनाला एक प्रश्न नक्की विचारा: मुलांची नावे यूडायस पोर्टलवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकली का? हल्ली प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक असतो. जुनी शाळा आपल्या यादीतून नाव मोकळे करत नाही तोवर नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढून घेता येत नाही, आणि मुलीच्या नववीच्या नोंदणीच्या वेळी ही एवढीशी गोष्ट आडवी येऊ शकते. कारकून ‘हो, करून टाकू’ म्हणेल. त्याच्या समोर खुर्चीवर बसा आणि संगणकाच्या पडद्यावर दोन्ही नावे सरकलेली बघूनच उठा.